मोजदाद

कुंपणाच्या तारेखाली, वाळल्या शेणाशेजारी,
बैलगाडीच्या चाकाने दोनदा चेपलेल्या मातीत
ती उभी आहे, एका काडीवर.
पिवळी टिकली, भोवती पाचेक फिकट पाकळ्या,
प्रत्येकीच्या टोकाला कातरलेले तीन दात.
कोलंबियाच्या या उतारावर तिला कुणी नावानं हाक मारत नाही.
साता समुद्रांपलीकडे एका भाषेत तिला एकदांडी म्हणतात,
कोयता लागला की तिचाच पाला चुरगळून लावतात.
इथून कधी निघाली, कुठल्या गोणीला चिकटून,
कुणी विचारलं नाही. पोचली.

तिती माकड मात्र कुठेच पोचलं नाही.

एनेदा पहाटेपासून झाडांखाली उभी,
कमरेला स्पीकर, हातात फळी, फळीवर छापील कागद.
स्पीकरमधलं माकड शीळ घालतं,
पुन्हा घालतं.
वरून फक्त पान पडतं.

दोन वर्षं जे टाळलं होतं ते मग तिने केलं.
बापाला घेऊन आली.

दागोबेर्तो. वय एकोणऐंशी, गुडघा कामातून गेलेला.
एकेकाळी त्याच्या पोत्यात
पिल्लं असायची, जोडीजोडीने,
बापाच्या पाठीवरून सोडवलेली
(तितींमध्ये पिल्लं बापच वाहतो).
हमरस्त्यावर ट्रकवाले काच खाली करत.
"एका जोडीत एक पत्रा," तो सांगतो, "नाहीतर शाळेच्या वह्या."
त्या वह्यांत एनेदाने अक्षर गिरवलं.

त्याने दोन बोटं ओठांना लावली.
शीळ जुनीच, जरा फुटकी.
फांद्या हलल्या.
एक. तीन. थांब, त्या खोडामागे अजून.
मूठभर अंग, काळं तोंड, आणि डोक्यावर
पिंजलेला कापूस, म्हाताऱ्यासारखा,
नाही, पिकलेल्या एकदांडीसारखा.
सात, तिने लिहिलं.
बापाने दोन्ही हात खिशात घातले
ते काढलेच नाहीत.

रान तिथेच संपतं. पुढे चारशे पावलं कुरण,
गायी, ऊन,
पलीकडे उरलंसुरलं दुसरं रान.
एक नर शेवटच्या फांदीच्या टोकाशी गेला,
पाठीवर दोन गाठोडी.
बघत राहिला.
वारा सुटला. खालच्या गवतातून
पांढऱ्या केसांची एक बी उठली,
गायीच्या शिंगावरून गेली,
दिसेनाशी झाली.

नर मागे फिरला.

"हे लिही," दागोबेर्तो म्हणाला.
"मागे फिरला, हे लिही."
एनेदाने कागद उलटसुलट पाहिला.
संख्या, वेळ, पिल्लं, हवामान.
शेवटी समासात लिहिलं, तिरकं, पेन्सिलीने.

घरी आल्यावर त्याच्या विजारीत, गुडघ्याखाली,
बिया अडकलेल्या.
पायरीवर बसून तो एकेक उपटत होता,
भेगेत टाकत होता.
कोंबडी आली, एक टिपून गेली.
त्याने तिला हाकललं नाही.