अपवाद

आमच्या जॉर्जियन भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द.
भाषेला फरक पडत नाही.
कुताइसीच्या गणित विभागाला पडायचा.

लामझिरा बाईंचा पहिला लेख मॉस्कोला गेला.
उत्तर आलं रशियनमध्ये, चक्क पुल्लिंगात:
लेखकाने सातव्या पानावर कमाल केली आहे.
बाईंनी पत्र साखरेच्या डब्यात जपून ठेवलं
आणि आठव्या पानावरची चूक
आपणच शोधून कळवली:
मी चुकले.
एका क्रियापदाने घात केला.
पुढची उत्तरं वर्षवर्ष उशिरा आली.

दर आठ मार्चला डीन मिमोझाची डहाळी द्यायचे.
पिवळी पूड समीकरणांवर सांडायची,
बाई फुंकर घालून पुढे लिहायच्या.
मेजवानीत पुरुष स्त्रियांच्या नावाने पेले उंचावायचे,
उभे राहून, डोळ्यांत पाणी आणून,
आणि बसता बसता म्हणायचे,
लामझिरा, जरा ब्रेड आण.
आणायच्या.
मला याचा अजून राग येतो.

“तुम्ही म्हणजे अपवाद,” डीन कौतुकाने म्हणायचे,
“आणि अपवादानेच नियम सिद्ध होतो.”
“जेवणाच्या टेबलावर होत असेल,” बाई म्हणायच्या.
“फळ्यावर एका अपवादाने नियम मरतो.”
मग जरा थांबून, खडू मोडत,
“पण कंटाळा येतो हो, तीस वर्षं एकटीने तो मारत बसायचा.”

मग ते हिवाळे आले, वीज नसलेले.
मुलगे कुणी लढाईवर, कुणी तुर्कस्तानातून जॅकेटं आणायला.
वर्गात आम्ही चौघी.
डीन म्हणाले, चौघींसाठी कसला वर्ग?
बाईंनी रॉकेलचा दिवा टेबलावर ठेवला,
बोटं कापलेले हातमोजे चढवले
आणि म्हणाल्या, चार घटकांचे गट दोनच प्रकारचे.
सिद्ध करा, मग घरी जा.
पाव आणायची रांग होती, तरी थांबलो.
निनेलीने शेवटची ओळ अंधारात लिहिली;
दिव्यातलं तेल आधी संपलं होतं.

बाईंना प्रोफेसरपद मिळालं निवृत्तीच्या आदल्या वर्षी.
दारावरची पाटी रंगवणाऱ्याने आडनावात चूक केली.
बदलून घेतली नाही.

आज माझ्या वर्गात एकोणीस जण, त्यांतल्या मुली अकरा.
मोजू नये म्हणते, तरी मोजते.
मधल्या बाकावरून तेक्ले उठली, हात वर न करता,
थेट फळ्यापाशी:
तिसरी ओळ बघा.
बघितली.
मी चुकले, म्हटलं.
डस्टर तिच्या हातात दिलं
आणि तिच्या जागेवर जाऊन बसले.
बाक अजून कोमट होता.