कोपरा

मोखोतलाँगच्या बाजारात माझं झेरॉक्सचं यंत्र,
डाव्या कडेला काळी रेघ मारणारं.
त्लालाने नर्स नकाशा घेऊन आली
तेव्हा मी आधी कोपरा वाचला.
नेहमी तोच वाचतो. एका पाठ्यपुस्तकापायी
दोन मेंढ्यांइतका दंड भरलाय.

ठणकावून लिहिलं होतं: नक्कल करू नये.
आणि घडी जिथे पडायची
नेमकी तिथलीच तीन गावं झिजलेली.
"सोमवारी लस न्यायचीय. पुलापर्यंत वाट ठाऊक आहे,
पुढे सगळे नुसतं बोट दाखवतात."
मी झाकण मिटलं.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही
असं म्हणणार नाही. गेलं.

शुक्रवारी परत आली, डोळे तांबडे, फोनात दुसराच नकाशा.
किती धुंडाळले, सांगत होती:
हा विकत, तो बघायला फुकट पण छापायला अर्ज करा,
म्हणजे वास घ्या, ताटाला हात लावू नका.
मग हा. खाली बारीक अक्षरं:
घ्या. छापा. बदला. विकलात तरी चालेल.
ज्यांनी काढला त्यांचं नाव तेवढं पुसू नका.

तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने.
एवढीच अट?
अहो, आमच्याकडे गावाच्या नावाआधी 'हा' लागतो,
हा-लेत्सिका, हा-सेखुतलो:
अमक्याच्या घरी, असा अर्थ.
वाट कुणीही तुडवावी, पाणी कुणीही प्यावं,
नाव मात्र पहिली चूल मांडणाऱ्याचं.

कुणी काढली असेल ती पायवाट?
आभाळातून घेतलेल्या फोटोवर बोट फिरवत,
कुठल्याशा उबदार गावात बसून.
ओढ्यापाशी चुकलाय बिचारा, पाणी चढावर नेलंय.
पण खिंड बरोबर.

छापला. चार कागद, मागून चिकटपट्टी.
काळी रेघ नेमकी नदीवर आली, शोभली.
पैसे कागदाचे आणि शाईचे.

रांगेतला म्हातारा फकिसो, खांद्यावर घोंगडं,
नकाशा उलटा धरून बघत राहिला.
मग लोकरीचं तेलकट बोट टेकवलं कोऱ्या जागेवर.
"इथं माझी बहीण राहते. चार पोरं."
तेवढा डाग पडला.
त्लालानेने डागाशेजारी पेन्सिलीने लिहिलं: हा-मामोसा.
सोमवारी लसीचा डबा तिथवर गेला.

आता नव्या नकाशात ते नाव छापूनच येतं.
कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत
आपणही आलो, असं त्लालाने म्हणते.
मी भिंग लावून पाहिलं. दिसलो नाही.
पण तो कोपरा कापत नाही कधी,
कागद कितीही आखूड पडो.