कलम चार

फॉर्म दोन पानी आहे.
साखर पेठेच्या कोपऱ्यावरून पाठपोट छापून आणला,
चार रुपये पडले.
फॉर्मात मी 'तो' आहे. ते सोडून देऊ.

कलम चार म्हणतं :
लेखक आपले सर्व हक्क
संपूर्ण जगात, सर्व भाषांत,
आज ठाऊक असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत
प्रकाशकाकडे कायमचे सुपूर्द करीत आहे.
मोबदला : प्रसिद्धी.

सर्व भाषांत, इथे पेन थांबलं.
लेख आहेच मुळी या गावात वस्तीला आलेल्या शब्दांवर.
पडुगु, म्हणजे उभा धागा.
पेक, आडवा.
असे दोनशे बारा, राजव्वा येलदींच्या तोंडून उतरवलेले,
माग चालू असताना.
बंद करा म्हटलं की म्हणायच्या, बंद मागावर शब्द आठवत न्हाईत.
त्यामुळे टेपवर खडखडाटच जास्त,
निम्मे शब्द मी ओठांवरून घेतले.
कामाचं बोलणं तेलुगूत, शिव्या मराठीत,
आणि पैसे मोजायचे तेवढे कानडीत.
'छापलं की दाखव,' म्हणाल्या,
'वाचता येत न्हाई, पण बघीन की.'

कलम सहा म्हणतं : एक प्रत लेखकाच्या व्यक्तिगत वापरासाठी.
राजव्वांना दाखवणं
व्यक्तिगत, की वितरण?

माझा बाप मजुरीवर विणायचा.
सूत शेठचं, तागा शेठचा,
शनिवारी हिशेब.
चादरीवर नाव कारखान्याचं येई, त्याबद्दल कधी बोलला नाही.
सूत त्यांचं होतं ना, एवढंच.
मी म्हणणार होते, इथे सूत माझं आहे.
म्हणता आलं नाही.
जे माझं नव्हतंच
ते मी कायमचं देऊन टाकते आहे,
तेही सुवाच्य अक्षरात.

मुदत कायद्यात आहे : लेखक मेल्यावर साठ वर्षं.
मी सत्तेचाळीसची. आईकडच्या बायका नव्वदी गाठतात.
बेरीज केली नाही.

ग्रंथालयातले शफी बागवान म्हणाले,
मॅडम, हे कुणी वाचत नाही.
खोडलं तरी चालतं, न खोडलं तरी चालतं.
प्राचार्यांना पदोन्नतीचा तक्ता मार्चच्या आत हवा होता,
त्यात एक रकाना रिकामा.
मी 'सर्व भाषांत'च्या पुढे काकपद काढून लिहिलं,
मराठी, तेलुगू व कानडी वगळून.
सही केली. स्कॅन केलं.
एकोणीस दिवसांनी उत्तर आलं :
प्रिय लेखक, फॉर्म मिळाला, आभार.
मान्य की नजरचूक, ते लिहिलेलं नव्हतं.

लेख आला. गाजूल, अ.
उघडायला गेले तर माझ्याकडेच एकतीस डॉलर मागितले.
मग मूळ टंकलेखन छापून घेतलं
आणि पूर्व भागात गेले.

राजव्वांनी कागद चिमटीत धरून पाहिला, पोत बघतात तसा.
'वाच एखादा.'
मी तोच वाचला, ज्यावर माझी सर्वांत जास्त भिस्त होती.
अडकु. तुटलेल्या धाग्याची गाठ.
मराठी 'अडकणे'वरून तेलुगू मागावर गेलेला,
दीड पान, अकरा तळटीपा.

त्या हसल्या नाहीत. माग थांबवला,
माझ्यासाठी पहिल्यांदाच.
'अडकु न्हाई गं. अतुकु.
आमचाच हाय तो.
अडकतंय कुठं? जोडतो आपण.'
आणि तुटलेला एक पोग बोटांत घेऊन
जोडून दाखवला.

घरी येऊन फॉर्म पुन्हा वाचला.
प्रसिद्धीनंतर दुरुस्ती करण्याचा अधिकार : कलम नऊ.
तो माझा नाही.
म्हणजे चुकीचा शब्द आता त्यांचा,
संपूर्ण जगात,
मी मेल्यावरही साठ वर्षं.

बरोबर शब्द गल्लीतच आहे.
त्याचं कुणी काही मागितलेलं नाही.