सतरा किलो चारशे

सुताच्या दुकानातल्या काट्यावर सॅक ठेवली
तेव्हा एल्लप्पानं चष्मा वर ढकलला:
सतरा किलो चारशे.
"काय बे मास्तर, बाबिनी भरल्यास का?"
म्हटलं, चादरी. नऊ. उरल्या जागेत पाण्याच्या बाटल्या.
"विकायला?"
नाही. वाहायला.
पोऱ्या हसला, मग मीही.

आमच्याकडे डोंगर नाही.
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते,
ती वाचून कुणाला कधी घेरी आली नाही.
म्हणून मी पाण्याच्या टाकीचा जिना धरला.
एकशे बारा पायऱ्या, पहाटे साडेचारला,
एप्रिल सरत आलेला, कठडा रात्रीही कोमट.
वॉचमन हणमंतू खालून फेऱ्या मोजायचा,
अकराव्या फेरीला ओरडायचा, "बस्स की, मास्तर!"
मी बाराव्या फेरीला लागलेलो असायचो.

जूनपर्यंत मांड्या भरल्या.
वाटलं, बेचाळीस डिग्रीत जो चढतो
त्याला बर्फ काय करणार?

बर्फानं काहीच केलं नाही.
केलं ते हवेनं.
चार हजार दोनशेवर तिचा हात आखडतो.
मीटर मागावा
तर साठ सेंटिमीटर फाडून देते,
आणि तक्रार करायला तोंड उघडावं
तर त्यालाही तीच लागते.

सॅक तीच, पट्टे तेच.
वीस पावलांत गुडघ्यांनी हिशेब मागितला.
बुटाची नाडी बांधायला वाकलो
तर डोळ्यांपुढे चादरीवरचा मोर
उलटा विणला जाऊ लागला.
शेंगाचटणीची पुडी उघडली,
जिभेवर नुसता भुसा.

रात्री तंबूत उशाखाली माग चालू,
ठक ठक ठक ठक,
मेन स्विच सापडेना.
मग मधेच धोटा अडकावा तसा
श्वास यायचाच थांबे
आणि मी दचकून उठून बसे,
जसे अप्पा उठायचे
रात्रपाळीत लाईट गेली की.
आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं.

सकाळी केसरसिंग आला. वय पंचावन्न,
कपाळावर पट्टा, पाठीवर आमचं अख्खं स्वयंपाकघर.
माझे ओठ पाहिले, नखं पाहिली.
खिंडीकडे पाहिलंच नाही.
"खाली," म्हणाला.
मी म्हणालो, बारा फेऱ्या.
त्याला काय कळणार.

उतरताना एक गोष्ट झाली.
काहीही न काढता
सॅक वळणावळणाला हलकी होत गेली.
चारशे मीटर खाली मला भूक लागली,
आणि मी मूर्खासारखा रडलो, चटणी खात.

अप्पांनी बळंच कोंबलेली एक चादर
त्याच्या खेचराच्या पाठीवर राहिली.
मोराची. अजून सुलटी.

सोलापूर. एल्लप्पाचा काटा: पंधरा सहाशे.
"एक विकलीस म्हण की."
अप्पांना आता ऐकू येत नाही,
त्यांनी नुसता हात वर करून विचारलं, एवढं?
मी त्यांचा हात धरला, जरा खाली आणला.
ते समजले असावेत,
किंवा चहा हवा असेल.

आज पहाटे पुन्हा जिना.
केसरसिंगच्या चालीनं, पायरी, श्वास, पायरी.
हवा ताग्यानं उलगडत होती, कुणी मोजत नव्हतं.
सातव्याच फेरीला खाली आलो.
हणमंतूनं तोंड उघडलं, ओरडायला अजून चार बाकी होत्या,
आणि तो सरकून
बाकड्यावर जागा करू लागला.