मापाचा दोरा

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक चर आहे.
चप्पलवाला विचारतो, काय लागलं, अक्का?
लागलं काही नाही. तीस वर्षं
त्याला दोरा अडकवून
संकेश्वरच्या बायकांच्या माळा ओवल्या.
आप्पांचा चर माझ्याहून खोल होता,
त्यात जोंधळ्याचा दाणा बसायचा.

गटारावर टाकलेली फळी, तेच दुकान.
बाई समोर बसली की आप्पा तोंडाकडे बघत नसत,
मानेच्या हाडापाशी पडलेला वळ बघत
आणि तिच्या बोलीत विचारत, किती पदर?
बोरमाळ रुमालातून निघायची, वजन न सांगता.
वरून सोन्याचा पत्रा, आत लाख.
“घालून चुलीम्होरं बसू नको,” आप्पा बजावत, “लाख रडती.”
नीलव्वा देताना मणी मोजायची, ओंदू, एरडू, मूरू,
घेताना पुन्हा मोजायची,
आणि एकदा एक जास्त भरला तेव्हा
दोन दिवस उलटल्यावर आणून दिला.
मेहरुन्निसाचा लच्छा बारीक काळ्या मण्यांचा.
तुटला, असं ती कधी म्हणाली नाही.
वाढला म्हणायची, आमच्या आईसारखंच.
खानापूरकडची एक फिलोमिना यायची
जपमाळ घेऊन, एकोणसाठ मणी.
“मधे मधे जागा सोडा हं,” म्हणायची,
“देवालाही दम खाऊ दे.”
आणि खडी फोडायला आलेली लमाणांची सोमली,
तिच्या गळ्यातले रुपये
ती वळणावर दिसायच्या आधी ऐकू यायचे.
मला तसली माळ हवी होती. आप्पा म्हणाले,
आधी मान तेवढी होऊ दे.

माघी पुनवेच्या अलीकडचा मंगळवार.
जोगम्मा आली, काखेत परडी.
पुडीत तांबडे मणी, पांढरे मणी,
आणि मापाला दोरा, त्यावर दोन गाठी.
आप्पांनी तो अंगठ्याला लावला, ताणला,
सैल सोडला.
मग माझ्याकडे वळून बघितलं,
तोंडाकडे नाही.
मी चुरमुरे खात होते. तिसरीत होते.

“दारा मुगदैती,” आप्पा म्हणाले.
दोरा संपलाय.
त्यांच्या डोक्यावर रिळं लोंबत होती,
काळी, तांबडी, जरीची,
बेळगावहून कालच आलेली.
वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होती.
जोगम्मानं वर बघितलं, बराच वेळ.
मग पुडी बांधली. बोलली काही नाही.
जाताना माझ्या कपाळाला भंडारा लावला.
माप विसरून गेली.
किंवा विसरली नसेल.

रात्री आई म्हणाली, बोहनीचं गिऱ्हाईक का परतवलं?
आप्पा म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.

दोरा काय, हुक्केरीलाही मिळतो.
हे मला नंतर कळलं,
त्यांना तेव्हाही ठाऊक असणार.
मला तेव्हा एवढंच कळलं की
सगळे झोपल्यावर ते माप मी गळ्याला लावून बघितलं
आणि दोन्ही गाठी
बरोब्बर एकमेकींवर बसल्या.

त्या वर्षीच्या लग्नसराईत दोरा खरंच संपला.
आप्पा सांगत राहिले, आता कुणी खरं मानेना.
घटप्रभेचा एक तालेवार माणूस, लेकीची ताळी घेऊन आलेला,
खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाला,
तो काय लोंबतोय मग?
तेवढ्यात भागेल माझं. दुप्पट घ्या.

आप्पांनी वर बघितलंसुद्धा नाही.
“तो?” म्हणाले,
“तो एका पोरीचा आहे.
न्यायला येईल.”

फळी बदलली, छप्पर बदललं.
खिळा मी नवा ठोकला.