दिवा जात नाही

तळपदे बाईंचा फोन, सकाळी सातला.
"गाडी सुंदर झालीय हो. पण तो दिवा जात नाही."

कोणता, ते मला ठाऊक होतं.
डॅशबोर्डच्या खाली, डाव्या अंगाला,
डाळिंबाच्या दाण्याएवढा. कंपनीचा नव्हे,
कुणीतरी मागाहून बसवलेला.
जुनं ते ठेवायचं, असा बाईंचा हुकूम,
म्हणून यासीननं होता तसा परत ओवला.
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

चौसष्टची डिलाइट.
अकरा महिने माझगावच्या शेडमध्ये उघडी पडून होती.
तळ खाऱ्या हवेनं खाल्लेला,
बोट लावलं की पापडासारखा तुटायचा.
क्रोम कुर्ल्याहून करून आणलं, काचांची रबरं कोइमतूरहून,
रंग तोच, चहात दूध जास्त पडल्यावर येतो तो.
आणि आता हे.

हँडब्रेक पाहिला. पूर्ण सुटलेला.
तेलाची डबी गळ्यापर्यंत भरलेली.
चारी चाकं काढली, ड्रम उघडले.
सिलिंडर कोरडे,
लायनिंगला अजून दुकानाचा वास.
यासीन म्हणाला, "उस्ताद, बल्ब काढून टाकू.
दिवा गेला की बिघाड गेला."
या धंद्यात निम्मे लोक असेच जगतात.
मीही जगलोय,
ब्रेकच्या बाबतीत मात्र नाही.

म्हणून वायर धरली, बोटांनी, डोळे मिटून.
इंजिनाकडे जायला हवी होती,
ती खाली वळली, गालिच्यात शिरली.
पिवळी-पांढरी, पीळ दिलेली.
ही गाडीची वायरच नव्हे, दारावरच्या घंटीची.
आणि तिच्या टोकाला, ब्रेकचा दांडा परत येऊन टेकतो तिथे,
पत्र्याच्या पट्टीवर, दोन स्क्रूंनी बसवलेलं
फ्रीजचं बटण.

तेच. दार उघडलं की आतला बल्ब लावणारं.
दाबलेलं असलं की अंधार, सुटलं की उजेड.
पाय पडला, दांडा हलला, की दिवा लागणार.
पाय उचलला की विझणार.
आम्ही दांड्याच्या थांब्याचं झिजलेलं रबर बदललं होतं.
नवं एक सूत जाड.
दांडा बटणापर्यंत पोचतच नव्हता.

पण ब्रेक दाबल्याचं
दाबणाऱ्याला कशाला सांगायचं?
मागच्याला सांगतात.
दाबणाऱ्याला पाय असतो.

बाई आल्या. मी बटण दाखवलं.
त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.
"शेवटी शेवटी पप्पांना पायाखालचं कळायचं नाही. साखर.
एक चप्पल जिन्यातच राहायची
आणि ते दुसरी घालून वर यायचे.
डॉक्टर हो म्हणालेत, गाडी चालवायला, असं आम्हाला सांगितलेलं."
मग थोडं थांबून,
"केम्प्स कॉर्नरच्या उतारावर ते सारखे खाली बघायचे.
मी ओरडायचे, पप्पा, समोर बघा."

मला राग आला, खोटं कशाला सांगू.
त्या उतारावर माणसं रस्ता ओलांडतात.
आणि त्याच वेळी त्या स्क्रूंकडे बघत होतो,
किती सरळ बसवलेत,
ज्याला स्वतःचा अंगठा लागत नव्हता त्यानं.

रबर तासलं, एक सूत. दिवा गेला.
बिलात काय लिहावं, सुचेना.
म्हटलं, "काढून टाकू का सगळं? आता तुम्ही चालवणार,
तुमचे पाय..."
त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.
चपला दाराबाहेर काढून आत बसल्या,
किल्ली एकच घर फिरवली, इंजिन नाही,
आणि दाबलं. सोडलं.
परत दाबलं.

शटर अर्धं खाली होतं. बाहेर कुणी क्लीनर
ट्रक मागे घेत ओरडत होता, "आने दो, आने दो."
काचेत बाईंची हनुवटी लाल व्हायची,
मग दिसायचीच नाही, मग परत लाल.
यासीन सांगायला आला, बॅटरी उतरेल.
मी त्याला चहा आणायला पाठवलं.