खटका

काउंटरशी आज पुन्हा खटके उडतायत,
खटक्यावरूनच.
वेंडेल म्हणतो, खटका लावून पिस्तूल कमरेला बांधायचं
म्हणजे घर पेटल्यावर
बंबाची किल्ली शोधत बसायचं.
हॅलॉक रेंजवर शिकवतो दर शनिवारी.
कॉफी ढवळत म्हणतो, अंगठ्याला शिकवा. हजार वेळा.
मग तो विचारत नाही, आपसूक खाली जातो.
"आणि हजार एकाव्या वेळी?"

बाहेर वायोमिंगचा वारा
ट्रकांच्या ताडपत्र्या उचकटतोय.
मी पावाचे काप करते.
मला कुणी विचारत नाही. विचारलंच तर म्हणते,
ऑरिन असता तर त्याने सांगितलं असतं.

ऑरिन खटका लावायचा.
वासरं बघायला जाताना, चर्चला जाताना,
एकदा तर दात काढायला जातानाही.
त्याच्या बापाचं जुनं पिस्तूल, घोडा ताणलेला,
डाव्या अंगाला नखाएवढी पोलादी जीभ, वर.
घोडा तापट असू दे, म्हणायचा,
लगाम कुणाच्या तरी हातात पाहिजे.
तो गेला आणि पिस्तूल माझ्याकडे आलं,
तीन चष्मे
आणि अर्धवट सोडवलेली शब्दकोडी यांच्यासोबत.

माझा अंगठा त्याच्यासारखा नाही.
चाळीस वर्षं पीठ मळून सांधा सुजलाय,
थंडीत लोणच्याच्या बरणीचं झाकणही त्याला जुमानत नाही.
म्हणून गेल्या हिवाळ्यात मी वेंडेलचं ऐकलं,
खटका खालीच ठेवायचं ठरवलं.
निदान ठरवलं तरी.

फेब्रुवारी. रात्रीचे साडेअकरा.
मागचं दार ओढून घेतलं
तर गॅसच्या टाकीआडून कुणीतरी धावत आलं,
टोपडं कपाळापर्यंत, हातात काहीतरी काळं.
कोण आहे, असं मी विचारलं नाही.
विचारीन असं मला कायम वाटायचं.
पिस्तूल बाहेर आलं, दोन्ही हातांत स्थिरावलं,
आणि मी चाप ओढला.

ओढला. श्वास रोखून,
शिकवल्याबरहुकूम.

काही झालं नाही. चाप हलेचना.
"मिसेस स्ट्राउड,
तुमचा हातमोजा पडला होता तिकडे."

एमेट. प्लंबरचा धाकटा. पंधरा पूर्ण व्हायचाय अजून.
मी पिस्तूल कोटाच्या घडीत लपवलं,
थँक यू म्हटलं, आईला सांग उद्या दालचिनीचे रोल ठेवते.
त्याला दिसलं नसावं.
किंवा दिसलं असेल. दुसऱ्या दिवशी
तो बशीकडे जरा जास्तच वेळ बघत होता.

खटका वर कुणी केला?
सकाळी पुसताना फडक्याने सरकला असेल.
बोटांना ऑरिनची सवय लागली असेल.
मी पुष्कळदा आठवून पाहिलं,
त्या दिवसाची सकाळच सापडत नाही.

सांगितलं तर हॅलॉक म्हणेल, बघा.
वेंडेल म्हणेल, बघा, दुसरं कुणी असतं
तर आज तू इथे नसतीस.
दोघांचंही खरं असेल.
गोष्ट त्यांच्या उपयोगाची आहे,
म्हणूनच मी ती देत नाही.
माझ्याकडे उरतं ते तर्जनीचं.
तिच्या बाजूने काहीच अडलं नव्हतं.

रात्री जेवणाच्या टेबलावर
गोळ्या काढून साखरेच्या वाटीत ठेवते,
नळी दोनदा तपासते,
आणि अंगठा फिरवत बसते. वर. खाली. वर.
शेजारच्या घरातला दिवा विझेपर्यंत.
हजार कधीच झाले.

"व्हर्लीन," वेंडेल पैसे मोजता मोजता विचारतो,
"तू कसं ठेवतेस गं?"

मी अंगठा ॲप्रनला पुसते.
तेवढ्यात एमेट आत येतो, बूट आपटून बर्फ झाडतो,
आणि नेहमीसारखं मागे सताड उघडं टाकतो.

दार लाव रे, म्हणते मी.
वारा येतोय.